ना रिषभ, ना गांधार

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध पंख्याचे बटण दाबण्यापुरता, आणि बटण दाबूनही पंखा फिरला नाही तर हिला हाक मारण्यापुरता. कॉलेजात परीक्षेचे गुण संगणकात भरायची वेळ आली की मी एखाद्या तरुण सहकाऱ्याला चहा पाजतो आणि त्याच्या शेजारी बसून गुण वाचून दाखवतो. असा माणूस दिवाळी अंकासाठी संगणकाच्या पंपावर लिहायला बसला आहे हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांना जे हसू फुटले ते अजून थांबलेले नाही. "बाबा, निदान आकडे तरी मला दाखवा," असे त्याने बजावून ठेवले आहे. तेव्हा या लेखातले आकडे त्याचे. बाकी जे काही चुकेल ते माझे.

पण लिहिल्यावाचून राहवत नाही. कारण या एवढ्याशा पंपाने आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या पावसाळ्यात महिनाभर मुके करून ठेवले होते. आणि आम्ही एका छपराखाली राहणारी माणसे, आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता.

आमचे घर मिरजेत. परगावच्या लोकांना मिरज माहीत असते ती दवाखान्यांमुळे नाहीतर तंबोऱ्यांमुळे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये करायला घेतली, आणि तेव्हापासून इथल्या एका गल्लीत भोपळे वाळत पडलेले असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. जसा काही तो त्यांचाच बहुमान! १९३७ साली गेलेले अब्दुल करीम खाँसाहेब इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसात त्या आवारात गाणे होते. ते ऐकायला अण्णा गेले नाहीत असे वर्ष मला आठवत नाही.

अण्णा स्वतः गवई नव्हेत. त्यांनी जन्मभर रेल्वेत कारकुनी केली. पण नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षे पैसे साठवून त्यांनी एक तंबोरा करवून घेतला, आणि तेव्हापासून रोज पहाटे पाच वाजता ते तो घेऊन बसतात. पंचम, जोड, खरज. आधी खुंट्या, मग मणी, मग जवारीखालचा दोरा. तार मिळाली की अर्धा तास नुसते छेडत राहायचे. फार झाले तर भैरवाचे चार स्वर. त्यापुढे कधी गेले नाहीत, आणि पुढे जाता आले नाही म्हणून कधी हळहळलेही नाहीत. माझे सगळे बालपण त्या आवाजाने जागे झालेले आहे. गजराचे घड्याळ आमच्या घरात मी नोकरीला लागल्यावर आले.

सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तंबोऱ्यावर तेरा दिवस गवसणी होती. चौदाव्या दिवशी पहाटे खरज वाजला. हिने मला हलवून उठवले आणि म्हणाली, "ऐकलंत?" आम्ही दोघे अंधारात ऐकत पडून राहिलो. अण्णा आता उभे राहतील असे त्या पहाटे आम्हांला प्रथम वाटले. तेव्हा हा तंबोरा आमच्या घरी काय आहे ते वाचकांच्या ध्यानात येईल.

या वर्षी जुलैत अण्णांच्या हृदयाने थोडी कुरकुर केली. आठ दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. डॉक्टरांनी जिना बंद केला. मग माडीवरची त्यांची खाट आम्ही खाली ओटीवरच्या खोलीत आणली, तंबोराही आणला. त्या खोलीत चिरंजीवांचा संगणक होता. चिरंजीवांनी आपली वळकटी माडीवर नेली; पण विजेची आणि इंटरनेटची सोय खालीच असल्यामुळे यंत्र होते तिथेच राहिले. आईच्या लग्नातल्या लोखंडी ट्रंकेवर!

या यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुलगा सांगलीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री तो वास्तुविशारदांसाठी चित्रे करून देतो. चित्रे कसली, तर अजून न बांधलेल्या घरांची. संध्याकाळचे ऊन खिडकीतून येऊन फरशीवर कसे पडेल, भिंतीवर सावली किती लांबेल, हे सगळे यंत्र हिशेब करकरून रंगवते, आणि अशा एका चित्राला कधी कधी दहा तास लागतात. त्या पैशांतून तो आपली फी भरतो. म्हणजे यंत्र त्याच्या मौजेचे नाही, पोटापाण्याचे आहे, हे मला मान्य करावे लागते.

दहा तास हिशेब करायचा म्हटल्यावर यंत्राचे डोके तापणारच. आणि ते डोके केवढे? पोस्टाच्या मोठ्याशा तिकिटाएवढे. भरात असताना ते १४० वॅट वीज खाते आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकते. म्हणजे पूर्वीच्या साठ वॅटच्या दोन दिव्यांहून अधिक. आधी ही उष्णता पंखे हाकलत असत आणि त्यांचा आवाज वादळासारखा होई. मग त्याने पैसे साठवून पाण्याने थंड करण्याचे सामान जुन्यात घेतले. "वीज आणि पाणी एका पेटीत!" असे म्हणून हिने कपाळाला हात लावला. पण कल्पना नवी नाही म्हणे. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाचे तर अंतरंगच वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवलेले असे. आणि आपल्या पुण्यात आयसर संस्थेत २०१९ साली 'परम ब्रह्म' बसवला, त्याचीही उष्णता द्रवानेच काढून नेण्याची योजना केली.

घरच्या यंत्राची रचना मोटारीसारखीच. तापणाऱ्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा घट्ट बसवलेला असतो. त्याच्या पोटात केसांसारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून पाणी जाते, उष्णता उचलते, नळीतून रेडिएटरकडे येते, तिथे पंख्याच्या वाऱ्यावर ती टाकते आणि पुन्हा फिरून तांब्याकडे. नळाचे पाणी यात चालत नाही; शुद्ध पाणी आणि त्यात गंज नि शेवाळ धरू न देणारे औषध. आणि हे सगळे फिरवणारा तो पंप. "पंप म्हणजे हृदय, बाबा," असे चिरंजीवांनी मला समजावले होते. तेव्हा अण्णांचे हृदय ठीक होते, म्हणून मी ते हसून ऐकून घेतले.

जूनमध्ये पाणी फिरू लागले आणि पंखे मंदावले. यंत्राचा आवाज गेला, असे आम्ही सगळ्यांनी एकमुखाने सांगून टाकले. पंख्यांच्या कोलाहलाखाली दडलेली एक बारीक घूं आता मोकळी झाली होती, ती चार दिवसांत कानाला सवयीची झाली.

अण्णा खाली आले आणि दोन पहाटे तंबोरा वाजला. तिसऱ्या दिवशी खुंट्या पिळण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. छेडणे असे झालेच नाही. पुढे एक दिवसाआड, मग चार दिवसांनी एकदा, आणि मग गवसणी चढली ती चढलीच. मी विचारले तर म्हणाले, "कंटाळा आला रे." अण्णांना आणि तंबोऱ्याचा कंटाळा! मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "आजारातून उठलेत, वय झालंय, होतं असं." हीही काही बोलेना. आम्ही दोघांनी मनात जे समजायचे ते समजून घेतले होते, पण उच्चार करायचा कोणी? जेवताना अण्णा खाली मान घालून बसत. रेडिओवर गाणे लागले तर उठून पडवीत जात. मला वाटे, यांनी एकेक करून दिवे मालवायला सुरुवात केली आहे.

ऑगस्टच्या अखेरीस एके रात्री मोठे वादळ झाले. पहाटे साडेचारच्या सुमारास वीज गेली. पंखा थांबला आणि मी जागा झालो. खाली संगणकाची बॅटरीची पेटी कुई कुई करीत दहा मिनिटे ओरडली आणि गप्प झाली. मग पावसाचीच काय ती टिपटिप. आणि थोड्या वेळाने, अंधारातून, खरज.

मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. अण्णा खाटेवर मांडी घालून बसले होते. कंदील नाही, मेणबत्ती नाही. तंबोरा खांद्याला लावलेला.

"लागला रे!" ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आज लागला!"

मी त्यांच्या पायाशी बसलो. तारा झंकारत होत्या आणि अण्णा तुटक तुटक बोलत होते. महिनाभर तंबोरा लागत नव्हता. खरज मिळवावा तर जोड बिघडलीसे वाटे. जोड सुधारावी तर खरज पडल्यासारखा. घोडी पाहिली, दोरा बदलला, तार बदलली. शेवटी त्यांनी ठरवून टाकले की तंबोऱ्याला काही झालेले नाही. आपले कान गेले. पन्नास वर्षांचा सूर त्या आजारात गेला.

"सांगायचं तरी होतं, अण्णा."

"कुणाला सांगू? तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं."

यावर मी काय बोलणार?

तेवढ्यात वीज आली. ट्रंकेवरचे यंत्र, वीज परतली की आपोआप सुरू व्हावे अशी त्यात योजना केलेली होती, निळा डोळा उघडून जागे झाले. अण्णांची बोटे तारेवरच थांबली.

"गेला," ते म्हणाले. आणि त्यांनी तंबोरा हळूच मांडीवर आडवा केला.

आता कबूल करायची गोष्ट अशी. मी वर्गात वीस वर्षे वृत्तांतला नाद शिकवतो. कोणत्या अक्षरावर किती मात्रा आणि यतीला किती थांबायचे हे पोरांना टेबलावर ताल धरून दाखवतो. पण ती घूं माझ्या कानांना तोवर ऐकू आली नव्हती. आता ऐकू आली आणि दुसरे काही ऐकूच येईना. मी जिन्याखाली उभा राहून गर्जना केली, "खाली ये! आत्ताच्या आत्ता हे यंत्र घराबाहेर काढ!"

मुलगा डोळे चोळत आला. त्या दिवशी दुपारपर्यंत एक काम द्यायचे होते त्याला. नाही दिले तर पैसे जाणार होते. तो काही बोलला नाही, नुसता पांढरा पडला. बोलले ते अण्णा. मला म्हणाले, "ओरडू नकोस. घरात आवाज आधीच काय कमी आहेत?" आणि नातवाला जवळ बोलावून म्हणाले, "ये, बस. तो सूर कुठला आहे ते आधी पाहू."

त्यांनी तंबोऱ्याचा खरज छेडला, डोळे मिटले आणि बराच वेळ ट्रंकेकडे कान लावून ऐकले. मग म्हणाले, "रिषभ नाही. कोमल गांधारही नाही. दोहोंच्या अगदी मध्ये बसलाय मेला. असा सूर कुठल्या रागात नाही."

चिरंजीवांनी कागद ओढला. त्याचा पंप मिनिटाला १८०० पासून ४८०० पर्यंत फेऱ्या घेऊ शकतो, आणि घेत होता पुऱ्या ४८००. म्हणजे सेकंदाला ८०. अण्णांचा तंबोरा काळी एकमध्ये. त्याचा खरज सेकंदाला ६९.३ कंपनांचा. खरजाला षड्ज धरले तर शुद्ध रिषभ साधारण ७८ वर येतो आणि कोमल गांधार ८३ वर किंचित कमी. मुलाने गणकावर पुन्हा पुन्हा आकडा पाहिला आणि मान वर करून म्हणाला, "आजोबा, ८० बरोबर मध्ये येतो. तुमचे कान गेलेले नाहीत."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

सकाळी तंतुवाद्यांच्या गल्लीतले चाचा अण्णांना पाहायला आले. त्यांचा आणि अण्णांचा पन्नास वर्षांचा स्नेह. हकीकत ऐकून त्यांनी पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. वाकून ट्रंकेवर तळहात ठेवला. "अण्णासाहेब," ते म्हणाले, "हा तुमचा भोपळा." तंबोऱ्याच्या तारेचा आवाज तो केवढा? भोपळ्यावर चढते म्हणून ती खोली भरते. तसा हा चिमुकला पंप पेटीच्या पत्र्याला धरून, पेटी ट्रंकेला धरून, आणि आईची पोकळ ट्रंक सगळ्या खोलीला धरून घुमत होती. आम्ही तिच्यात आधी चार गोधड्या भरल्या. मुलाने पंपाखाली आणि पेटीच्या पायांखाली जाड स्पंज घातला. घूं निम्म्याने कमी झाली. पण अण्णांना निम्मा बेसूर चालत नाही.

मग वेग कमी करायचा. पण मुळात तो पुरा ठेवलाच कशाला होता? कारण भीती. पंप थांबला तर डोके तापणार, म्हणून यंत्र करणारे पंपाची जागा पुऱ्या वेगावरच लावून देतात, आणि घेणारे ती तशीच ठेवतात. चिरंजीवांनीही ठेवली होती. आता प्रथमच त्याने हिशेब मांडला. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. १४० वॅटने ते काम अर्ध्या मिनिटात होते. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर डोक्यावरून जाताना ते तापते अर्धा अंश. दोनच लिटर फिरले तर एक अंश. म्हणजे वेग निम्म्यावर आणून फरक काय, तर अर्ध्या अंशाचा! आणि पंपाच्या शास्त्राप्रमाणे वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती उतरते आठव्या हिश्शावर. एवढ्याशा अर्ध्या अंशासाठी तो बिचारा दिवसरात्र ऊर फुटेस्तोवर धावत होता.

वेग आवरायची युक्तीही मोठी गमतीची आहे. पंपाला चार तारा. एकीतून बारा व्होल्ट येतात, दुसरीतून परत जातात. तिसरी पंपाच्या फेऱ्या मोजून वर कळवते. चौथीतून हुकूम येतो. हा हुकूम म्हणजे सेकंदाला २५ हजार वेळा 'हो-नाही, हो-नाही' असा ठेका. त्यातला 'हो' जितका लांब तितका पंप जोरात. माणसाच्या कानाची धाव २० हजारांपर्यंत, त्यामुळे हा ठेका कुणाला ऐकू येत नाही. मुलाने मुख्य पाटीवर हुकुमाची आणि फेऱ्यांची अशा दोनच तारा जोडल्या. वीज मात्र सरळ वीजपुरवठ्याच्या पेटीतून घेतली, कारण पाटीवरची खोबण सहसा एक अँपिअरपुरती असते आणि या पंपाची भूक त्याहून मोठी.

पहिल्या रात्री फसगत झाली. त्याने पंपाचा वेग डोक्याच्या उष्णतेशी बांधला: डोके तापले की जोरात, निवले की हळू. ऐकायला किती शहाणपणाचे! पण ते डोके क्षणात तापते नि क्षणात निवते. पंप रात्रभर वर-खाली करीत राहिला. सकाळी अण्णा म्हणाले, "कालचा बरा होता. तो निदान एका जागी होता. हा रात्रभर मींड घेतोय." तीन वेळा उठले होते ते. स्थिर आवाज माणूस विसरतो; बदलणारा आवाज त्याला हाका मारीत राहतो. हे मुलाच्या पुस्तकात नव्हते.

मग त्याने पाण्यातच उष्णता मोजणारा एक मणी सोडला. पाणी डोक्यासारखे उतावळे नसते, सावकाश तापते आणि सावकाश निवते. पंखे त्याने त्या पाण्याच्या मागे लावले. आणि पंपाला एकच ठरीव वेग द्यायचे ठरले. तो कोणता, हे ठरवायला आजोबा आणि नातू लागोपाठ तीन पहाटे बसले. नातू वेग बदली, आजोबा ऐकत. ३००० वर आणला तर भिंतीवरची पत्र्याची फळीच बोलू लागली. "तो तिचा सूर आहे, सोड," अण्णा म्हणाले. २६०० वर बरे होते, पण अण्णांच्या कपाळाची आठी गेली नाही. १८०० च्या खाली पंप जाईना.

तिसऱ्या पहाटे मुलगा एकदम उठून कागद घेऊन आला. "आजोबा, तुमचा खरज ६९.३. त्याच्या निम्मे ३४.६५. गुणिले साठ, २०७९. पंप २०८० वर ठेवला तर तो तुमचाच षड्ज होतो, एक सप्तक खाली."

वेग २०८० वर आला. फेऱ्यांचा आकडा पाचदहाने मागेपुढे हालत होता, तेवढे हालणारच. खोलीत आवाज असा उरला नव्हता. इतक्या खालचा सूर कान फारसा घेतच नाही. अण्णांनी गवसणी काढली, खुंट्या पाहिल्या, मणी सरकवले आणि तार छेडली. मग दुसरी, मग तिसरी. आम्ही श्वास धरून उभे. अण्णा डोळे मिटून छेडतच राहिले. पाच वाजून गेले, सहा वाजले. हिने चहा आणून ठेवला तो निवून गेला.

यंत्राचे काय झाले म्हणाल, तर काही झाले नाही. पुऱ्या भरात त्याचे डोके पूर्वी ७१ अंशांवर असे, आता ७३ वर असते. पंपाच्या फेऱ्या १५०० च्या खाली गेल्या तर घंटा वाजून यंत्र आपणहून बंद होईल असा बंदोबस्त मुलाने केला आहे. शिवाय शंभराच्या आसपास गेले की ते डोके स्वतःच आपले काम मंद करते. माणसाच्या डोक्यात ही सोय नाही.

नंतर मी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासून सांगितले की वरच्या पट्टीतले ऐकू येणे वयामानाने बरेच कमी झाले आहे. म्हणजे अण्णांची भीती अगदीच खोटी नव्हती. मला वाटले, आता हे पुन्हा खचणार. अण्णांनी एकच विचारले, "खरजाचं काय?" डॉक्टर म्हणाले, "खालचं सगळं उत्तम आहे." "मग झालं तर," म्हणून अण्णा उठले. पक्ष्यांचे आवाज हल्ली का येत नाहीत ते आता कळले, असे रिक्षात बसल्यावर म्हणाले, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

त्या पहाटेच्या माझ्या गर्जनेबद्दल मुलगा नंतर एकदाच बोलला, आणि तेही हसत. "बाबा, तुमचाही पंप नेहमी पुऱ्या वेगावरच लावलेला असतो." मी रागावणार होतो. पण मग मनाशी विचार केला. ऐंशी मुलांच्या वर्गात, शेजारी रस्ता, वर पंखे, तिथे मी जो आवाज लावतो तोच घेऊन घरी येतो. मीठ मागायचे तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले पाहिजे! आणि घरातले एक माणूस महिनाभर आतल्या आत विझत चालले होते, ते माझ्या कानी आले नाही. आले केव्हा, तर सगळ्या गावाची वीज गेली तेव्हा. हल्ली मी घरात थोडा हळू बोलतो. हिला आधी वाटले मला बरे नाही.

हे लिहितो आहे ती पहाटेचीच वेळ आहे. दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. माडीवर मुलगा नुकताच झोपला. त्याचे कुठले तरी न बांधलेले घर खाली रंगते आहे. खाटेवर अण्णा बसले आहेत आणि तंबोरा लागलेला आहे. मघाशी मी उठून त्या पेटीवर तळहात ठेवून पाहिला. आत काही चालले आहे असे सांगूनही खरे वाटणार नाही. पण हात थोडा वेळ तसाच ठेवला, तर बोटांना कळते.